मुरुमांवरच्या आयसोट्रेटिनॉइननंतर आतड्यांचा विकार : दाद कुणाविरुद्ध मागता येते?

एडिसनवासी :

सर्वांना नमस्कार. आम्ही गेली बरीच वर्षे न्यू जर्सीत राहतो. माझ्या एकोणीस वर्षांच्या मुलाला चेहऱ्यावर आणि पाठीवर खोल, गाठीसारखे, पू धरणारे मुरुम होते. मलमे झाली, डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक झाले, आणि कशानेच उतार पडेना तेव्हा त्वचारोगतज्ज्ञांनी गेल्या वर्षी आयसोट्रेटिनॉइनच्या कॅप्सूल सुरू केल्या. मुरुम त्याने गेले, यात शंका नाही. मात्र तिसऱ्या महिन्याच्या सुमारास त्याला पोटात मुरडा येऊन जुलाब होऊ लागले आणि पुढे शौचावाटे रक्त आणि आव पडू लागली. त्याने क्लिनिकच्या पोर्टलवर हे स्पष्ट शब्दांत कळवले होते. उलट निरोप आला तो एवढाच, की कॅप्सूल भरपेट जेवणासोबत घ्यावी, पाणी भरपूर प्यावे, ओठांना मलम लावत राहावे आणि बाकीचे पुढच्या भेटीत पाहू. ओठांची तक्रार त्याने केलीच नव्हती. पुढच्या महिन्याचे औषधही नेहमीप्रमाणे मंजूर झाले.

कोर्स संपेपर्यंत त्याचे वजन झपाट्याने उतरले आणि एका रात्री त्याला आपत्कालीन विभागात न्यावे लागले. कोलोनोस्कोपी आणि बायोप्सीनंतर अल्सरेटिव्ह कोलायटिसचे, म्हणजे मोठ्या आतड्याला दाह होऊन व्रण पडण्याच्या विकाराचे, निदान झाले. सध्या आतड्यांचा दाह कमी करणारे मेसालामिन चालू आहे, स्टेरॉइड हळूहळू कमी करत आहेत, आणि कॉलेजचे एक सत्र सोडावे लागले आहे.

नात्यातले एक गृहस्थ ठामपणे सांगतात की ‘ॲक्युटेन’च्या (आयसोट्रेटिनॉइनचेच ब्रँडनाव) रुग्णांना अमेरिकेत कोट्यवधी डॉलर मिळाले, तेव्हा तुम्हीही कंपनीवर दावा लावा. हा आजार औषधानेच झाला असे म्हणता येते का, दावा लावायचाच तर तो कंपनीवर की क्लिनिकवर, आणि त्याला मुदत किती असते, हे जाणकारांनी सांगावे. शिवाय माझ्या नाशिकच्या बहिणीच्या मुलीला नुकतेच हेच औषध लिहून दिले आहे. तिकडची परिस्थिती कोणी सांगितली तर तिलाही उपयोग होईल.

पोटविकार_वैद्य :

ताई, मी पोटविकारतज्ज्ञ आहे, पण तुमच्या मुलाचे कागद मी पाहिलेले नाहीत, त्यामुळे जे लिहितो ते सर्वसाधारण समजावे. सर्वप्रथम, दाव्याच्या धावपळीत उपचारांत खंड पडू देऊ नका. स्टेरॉइड तर मनाने एक दिवसही बंद करायचे नसते.

आता मुख्य प्रश्न. आयसोट्रेटिनॉइनला अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने १९८२ मध्ये मान्यता दिली, आणि त्यानंतर लवकरच, १९८४ पासून, औषधाच्या माहितीपत्रकात आतड्यांच्या दाहाचा इशारा आला. आजही त्यात असे सांगितलेले असते की पूर्वी आतड्यांचा काही त्रास नसलेल्या रुग्णांतही हा विकार आढळला आहे, काहींमध्ये औषध थांबवल्यावरही तो टिकून राहिला आहे, आणि पोटदुखी, गुदद्वारातून रक्त किंवा तीव्र जुलाब झाल्यास औषध ताबडतोब बंद करावे. म्हणजे इशारा जुना आहे आणि सरळ आहे.

परंतु इशारा असणे आणि कार्यकारणभाव सिद्ध होणे या दोन गोष्टी निराळ्या आहेत, आणि संशोधन येथे एकमुखी नाही. २००९ मध्ये कॅनडातील मॅनिटोबा प्रांताच्या नोंदींवरून झालेल्या अभ्यासात संबंध आढळला नाही. २०१० मध्ये अमेरिकेतील विम्याच्या नोंदींवरून झालेल्या अभ्यासात अल्सरेटिव्ह कोलायटिसची शक्यता चौपटीहून अधिक दिसली, क्रोन्स या आतड्यांच्या दाहाच्याच दुसऱ्या विकाराची मात्र दिसली नाही. पुढे २०१३ आणि २०१६ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले गेले, तेव्हा वाढीव धोका ठरला नाही. त्यातच २०१० मध्ये ब्रिटनमधील नोंदींवरून असे दिसले होते की मुरुमांसाठी दिल्या जाणाऱ्या डॉक्सिसायक्लिनचाच क्रोन्सशी संबंध असू शकतो. आयसोट्रेटिनॉइनपर्यंत पोहोचणारा बहुतेक प्रत्येक रुग्ण आधी महिनोन् महिने प्रतिजैविके घेऊन आलेला असतो, म्हणून बोट नेमके कुणाकडे दाखवायचे हे कठीण होते. भरीस भर म्हणजे तीव्र मुरुमांचे वय आणि हा आतड्यांचा विकार प्रथम डोके वर काढण्याचे वय जवळजवळ तेच, पंधरा ते तिशीच्या आतले.

माझे स्वतःचे मत विचाराल तर, एकंदर लोकसंख्येत हा धोका असलाच तर तो लहान आहे. एखाद्या विशिष्ट रुग्णात औषधाने ठिणगी पाडली नसेल, असे मात्र मी छातीठोकपणे म्हणणार नाही.

दोन कागद अवश्य मिळवा. एक म्हणजे शौचाच्या तपासण्या. प्रतिजैविकांनंतर क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल या जंतूचा संसर्ग होऊन हुबेहूब अशीच लक्षणे दिसू शकतात, तेव्हा ती तपासणी झाली होती का आणि आतड्यांतील दाह दाखवणारे कॅलप्रोटेक्टिन हे प्रथिन किती आले होते, ते पाहा. दुसरा म्हणजे बायोप्सीचा संपूर्ण अहवाल, केवळ शेवटची निदानाची ओळ नव्हे. आतड्याच्या अस्तरातील ग्रंथींची रचना बिघडलेली असेल तर विकार जुनाट स्वरूपाचा आहे असे आम्ही समजतो, कारण असे बदल व्हायला आठवडे जावे लागतात. ते वर्णन औषध सुरू झाल्याच्या तारखेशी ताडून पाहिले जाते. समोरच्या पक्षाचा तज्ज्ञही पहिल्यांदा तेच पाहील आणि आजार आधीपासूनच होता असे म्हणेल.

रक्त पडत असल्याचे कळल्यावर औषध चालू ठेवणे मात्र माझ्या समजुतीबाहेर आहे. औषधाने आजार झाला की नाही हा वाद बाजूला ठेवला, तरी तो निरोप वाचणाऱ्याने त्याच दिवशी फोन करायला हवा होता.

हडसनकाठचा_वकील :

मी न्यू जर्सीत वकिली करतो. हे उत्तर म्हणजे तुमच्याशी वकील-अशील नाते नव्हे, केवळ दिशा दाखवतो आहे.

नात्यातल्या गृहस्थांचे म्हणणे जुन्या काळापुरते खरे आहे. ॲक्युटेन हे रोश कंपनीचे, आणि तिचे अमेरिकेतील मुख्यालय त्या काळी आपल्याच राज्यात नटली येथे होते, म्हणून देशभरातील रुग्णांनी अटलांटिक काउंटीच्या न्यायालयात हजारो दावे आणून लावले. अलाबामातील एका रुग्णाला, ज्याचे मोठे आतडे काढावे लागले होते, २०१० मध्ये ज्यूरीने अडीच कोटी डॉलरहून अधिक भरपाई दिली. तो दावा अलाबामाच्या कायद्याने मुदतबाह्य ठरत होता. न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये येथील मुदतीचा नियम लावून ज्यूरीचा निकाल पुन्हा उभा केला. तुमच्या नातेवाइकांच्या कानावर बहुधा हीच रक्कम आली असावी. मधल्या काळात, २००९ मध्ये, रोशने अमेरिकेत ॲक्युटेनची विक्री थांबवली. स्वस्त जेनेरिकची स्पर्धा आणि दावे लढण्याचा खर्च ही कारणे कंपनीने दिली होती. एफडीएने औषध बंद पाडले असा जो समज आहे तो खरा नाही.

त्यानंतर मात्र वारे फिरले. ऑगस्ट २०१८ मध्ये न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने रुग्णांच्या दोन्ही तज्ज्ञांच्या साक्षी शास्त्रीय पद्धतीच्या कसोटीवर अग्राह्य ठरवल्या, आणि क्रोन्सचे दोन हजारांहून अधिक दावे एका फटक्यात निकालात निघाले. त्या तज्ज्ञांनी मोठे अभ्यास बाजूला सारून सुट्या रुग्णांच्या नोंदींवर आणि प्राण्यांवरील प्रयोगांवर भर दिला होता, हा मुख्य आक्षेप होता. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ५३२ दाव्यांबाबत निकाल लागला की एफडीएने मान्य केलेला इशारा येथील कायद्यानुसार पुरेसा मानला जातो, ते गृहीतक रुग्णांना मोडता आले नाही, सबब तेही दावे रद्द. फ्लोरिडात टॅम्पा येथे केंद्रीय न्यायालयात एकत्र केलेल्या दाव्यांतही तज्ज्ञांची साक्ष हाच अडसर ठरला होता.

तुमच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. मुलाने घेतलेले औषध जवळजवळ निश्चितपणे जेनेरिक असणार. जेनेरिक कंपनीला मूळ औषधाचा इशारा शब्दशः नकलावाच लागतो, स्वतःहून तो बदलण्याची तिला मुभा नसते, म्हणून अपुऱ्या इशाऱ्यासाठी तिच्यावर राज्याच्या कायद्याखाली दावा चालत नाही, असे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये ठरवले आणि २०१३ मध्ये औषधाच्या मूळ घडणीतील दोषाबाबतही तेच सांगितले. फार्मसीकडून प्रत्येक महिन्याच्या औषधाचा एनडीसी क्रमांक (अमेरिकेतील औषध ओळखण्याचा क्रमांक) असलेली छापील यादी मागा, त्यावरून उत्पादक कोण ते कळते. सन फार्माचे ॲब्सॉरिका जेनेरिक म्हणून नव्हे, तर स्वतंत्र मान्यतेने विकले जाते. ते निघाले तर हा विशिष्ट अडसर लागू होणार नाही, पण पुरेशा इशाऱ्याचा मुद्दा तरीही समोर उभाच राहील.

म्हणून माझे स्पष्ट मत असे की कंपनीचा नाद सोडा आणि पोर्टलवरच्या त्या निरोपाकडे पाहा. औषधाच्या माहितीपत्रकात जे लक्षण दिसताच औषध थांबवा असे लिहिले आहे, तेच लक्षण रुग्णाने लेखी कळवले, आणि तरीही औषध चालू राहिले. हा वैद्यकीय निष्काळजीपणाचा प्रश्न आहे. कंपनीविरुद्ध जो इशारा रुग्णांना नडला, तोच येथे तुमच्या बाजूने बोलतो, कारण डॉक्टरांना माहीत नव्हते असे म्हणायला जागा उरत नाही. शिवाय आयसोट्रेटिनॉइनने कोलायटिस होतो हे शास्त्र सिद्ध करण्याचा सगळा भार अशा दाव्यावर पडत नाही. आधीपासून असलेला विकार निष्काळजीपणामुळे अधिक बिघडण्याचा धोका वाढला आणि नुकसानीत त्याचा भरीव वाटा होता, एवढे दाखवले तर न्यू जर्सीत दावा उभा राहू शकतो, आणि आजाराने आपोआप झालेले नुकसान किती हे वेगळे काढून दाखवण्याची जबाबदारी मग सामान्यतः प्रतिवादीवर जाते.

तरीही हे सोपे नाही. प्रतिवादीचे उत्तर दाखल झाल्यापासून ६० दिवसांत, न्यायालयाने वाढवून दिल्यास आणखी ६० दिवसांत, त्याच शाखेच्या पात्र तज्ज्ञाचे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते की उपचार मान्य दर्जाला सोडून झाले असावेत. येथे म्हणजे त्वचारोगतज्ज्ञाचेच. ते न दिल्यास दावा फेटाळला जातो. तज्ज्ञांचा खर्च हजारो डॉलरमध्ये जातो, आणि वकील बहुधा वसुलीच्या एक तृतीयांश वाट्यावर काम करत असल्याने नुकसान पुरेसे मोठे नसेल तर तो प्रकरण हातीच घेत नाही. निदानाला झालेल्या उशिरामुळे नेमके काय बिघडले, जे वेळीच औषध थांबवले असते तर टळले असते, हाच पहिला प्रश्न तुम्हाला कोणताही जाणता वकील विचारील.

मुदत दोन वर्षांची आहे. नुकसान आणि त्यामागची संभाव्य चूक कळली, किंवा कळायला हवी होती, तेव्हापासून ती मोजतात. निदानाच्या तारखेपासून मोजायच्या भरीस पडू नका. सुरक्षित हिशेब म्हणून रक्ताबद्दल निरोप लिहिला तो दिवस धरा. मुलगा सज्ञान असल्याने दावा त्याचा, सही त्याची, आणि त्याच्या लेखी संमतीवाचून त्याचे कागद तुम्हालाही मिळणार नाहीत. पोर्टलची केवळ छायाचित्रे काढून थांबू नका. संपूर्ण वैद्यकीय नोंद त्याच्याच अर्जाने मागवा, साधारणपणे ३० दिवसांत ती देणे क्लिनिकवर बंधनकारक आहे. निरोप कोणी, केव्हा उघडला याचीही नोंद संगणकात असते, ती वकिलामार्फत मागवता येते.

आणि जाता जाता, येथे यापुढे तारखा किंवा ओळख पटेल असा तपशील लिहू नका. असे लिखाण समोरचा पक्ष रीतसर मागवू शकतो, मराठीत असले तरी.

एडिसनवासी :

दोघांचेही मनापासून आभार. फार्मसीची यादी मिळाली. औषध जेनेरिकच होते, आणि दोन महिने एका कंपनीचे तर पुढे दुसऱ्या कंपनीचे होते, हे आम्हाला आजच कळले. प्रत्येक वेळी सोबत दिलेले माहितीपत्रक पिशवीला स्टेपल केलेलेच होते, ते कोणी उघडून वाचले नाही. यामुळे दोष आमच्याकडे येतो का? दुसरे असे की मुलाची स्वतःची इच्छा डळमळीत आहे. त्या डॉक्टरांनीच माझा चेहरा बरा केला, असे तो म्हणतो.

हडसनकाठचा_वकील :

माहितीपत्रक वाचले नाही हा बचाव समोरून येईल. परंतु तुमच्या मुलाने ते न वाचताही नेमके तेच केले जे पत्रक सांगते, म्हणजे डॉक्टरांना कळवले, फक्त औषध स्वतःहून थांबवले नाही. आणि ज्यांना विचारले त्यांनीच घेत राहा असे सांगितले. रुग्णाचा दोष निम्म्याहून अधिक ठरला तर भरपाई मिळत नाही, त्याहून कमी ठरला तर त्या प्रमाणात कमी होते. या हकिकतीत तो निम्म्याच्या वर जाईल असे मला वाटत नाही.

दावा करायचा की नाही हे मुलानेच ठरवायचे. मात्र त्याचा निर्णय होईपर्यंत मुदत थांबून राहत नाही, म्हणून कागद आत्ताच मागवावेत आणि निदान एकदा वैद्यकीय निष्काळजीपणाची प्रकरणे चालवणाऱ्या वकिलाला भेटावे. औषधांच्या सामुदायिक दाव्यांची जाहिरात करणारे कार्यालय त्यासाठी उपयोगाचे नाही. पहिली भेट सहसा विनामूल्य असते.

पोटविकार_वैद्य :

दाव्याव्यतिरिक्त एक गोष्ट राहिली. एफडीएच्या मेडवॉच योजनेकडे रुग्ण स्वतःही दुष्परिणाम कळवू शकतो, त्यासाठी कार्यकारणभाव सिद्ध करावा लागत नाही. १९९७ ते २००२ या काळात तेथे आलेल्या अशाच नोंदी तपासून २००६ मध्ये आयसोट्रेटिनॉइन आणि आतड्यांचा दाह यांच्या ८५ प्रकरणांचा आढावा प्रसिद्ध झाला होता, आणि या विषयावरील चर्चेला त्याने बरेच बळ दिले. फॉर्म भरायला फारसा वेळ लागत नाही.

गोदाकाठ :

मी नाशिकला ग्राहक आयोगासमोर काम करतो, म्हणून बहिणीच्या मुलीपुरते लिहितो.

भारतात हे औषध शेड्यूल एचमध्ये आहे, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाही. प्रत्यक्षात ते कसे मिळते हे आपण सारे जाणतो. मैत्रिणीच्या चिठ्ठीवर, पार्लरमधल्या सल्ल्यावर, किंवा दुकानदाराने ‘हे घ्या, सगळे घेतात’ म्हटले म्हणून ते घेणाऱ्या मुली माझ्या पाहण्यात आहेत, आणि तसे घेतलेल्या औषधाबाबत पुढे दाद मागणे जवळपास अशक्य होते, कारण हातात चिठ्ठी नसते आणि बिलही नसते. भाचीला सांगा की चिठ्ठी, बॅच क्रमांक असलेले पक्के बिल आणि रिकामी पाकिटे जपून ठेवावीत. घरात कोणाला कोलायटिस किंवा क्रोन्स असेल तर ते डॉक्टरांना आधीच सांगावे. मुलगी असल्याने गर्भधारणेचा इशारा तर याहूनही गंभीर आहे, औषध चालू असताना आणि ते थांबवल्यानंतर एक महिना गर्भ राहता कामा नये. तो इशारा डॉक्टर बहुधा देतात, आतड्यांबद्दल मात्र बोलत नाहीत, म्हणून आपणच विचारावे. अमेरिकेत हे औषध घेणाऱ्यांना करावी लागणाऱ्या आयप्लेज नोंदणीचेही लक्ष गर्भधारणेवरच आहे, असे दिसते.

कायद्याचे म्हणाल तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये उत्पादनाच्या दोषाबद्दलच्या जबाबदारीचे स्वतंत्र प्रकरण आहे. पण त्यातील कलम ८७ असे सांगते की जे उत्पादन तज्ज्ञाच्या देखरेखीखालीच वापरायचे आहे, त्याचा इशारा उत्पादकाने तज्ज्ञाला रीतसर दिला असेल, तर रुग्णाला इशारा दिला नाही या कारणाने उत्पादक जबाबदार ठरत नाही. म्हणजे येथेही गाडी फिरून डॉक्टरांपाशीच येते. पैसे देऊन घेतलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येते हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये ठरवले, आणि उपचारांतील महत्त्वाचे धोके समजावून घेतलेली संमती हीच खरी संमती, हे २००८ मध्ये. आपल्याकडे बहुतेक वेळा वाद याच मुद्द्यावर रंगतो, कारण बाह्यरुग्ण विभागात काय सांगितले गेले याची लेखी नोंद सहसा नसते.

तक्रारीची मुदत येथेही दोन वर्षांची आहे, सबळ कारण असल्यास आयोग उशीर माफ करू शकतो. सेवेसाठी दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगाकडे जायचे, म्हणजे त्वचारोगाच्या उपचारांची सारी प्रकरणे तेथेच येतात, आणि ती रक्कम पाच लाखांपर्यंत असल्यास शुल्क लागत नाही. तक्रारदार जेथे राहतो तेथील आयोगाकडे तक्रार करता येते, डॉक्टर मुंबईचे असले तरी नाशिकला चालते. रुग्णालयात दाखल केले असेल तर मागणी केल्यापासून ७२ तासांत कागद देणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे. मागणी तोंडी न करता लेखी करावी आणि पोच घ्यावी. दुष्परिणाम कळवण्यासाठी भारतीय औषधसतर्कता कार्यक्रमाची १८००-१८०-३०२४ ही विनाशुल्क दूरध्वनी सेवा आहे.

एडिसनवासी :

गोदाकाठ, आपला मजकूर बहिणीला जसाच्या तसा पाठवला. डॉक्टरांनी लिहून दिलेल्या कॅप्सूल तिने बिल न घेताच आणल्या होत्या, ती आज पुन्हा दुकानात जाणार आहे. मुलाने नोंदींसाठी सही केली आहे. पुढचे येथे लिहिणार नाही, वकिलांनी बजावले आहेच.